बापाचा पिक्चर

"लाइट लावू नका इतक्यात. बसा जरा तसेच अंधारात," अण्णा म्हणाले, आणि वाचनालयाच्या हॉलमधली उठू लागलेली माणसं परत सतरंजीवर टेकली.

पिक्चर नुकताच संपला होता. संपलेलं रीळ शेपूट फटफटवत फिरत होतं, ते गुळवे मास्तरांनी बंद केलं. भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर आता काहीच नव्हतं, तरी सगळे तिकडंच बघत होते.

आमच्या बार्शीत तूरडाळीचे भाव सोडून दुसऱ्या कशावर माणसं तासभर बोलतील, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण आमचं चित्ररसिक मंडळ होतं खरं. मंडळ म्हणजे माझे वडील अण्णा ऊर्फ भालचंद्र ताकभाते, हायस्कूलचे गुळवे मास्तर, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजची चार पोरं, आणि हॉलमध्ये पंखा आहे म्हणून येऊन बसणारे बाकीचे. मुंबईहून पत्र्याच्या पेटीतून रिळं यायची. त्यातला हा एक अमेरिकन पिक्चर म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. बोलपट नुकते कुठं सुरू झाले होते त्या काळातला. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक की कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'बापाचा पिक्चर' म्हणायचे.

गोष्ट तशी साधी. तिकडं दारूबंदी असते, आणि चोरून दारू विकणाऱ्यांच्या टोळ्या माजलेल्या असतात. गोदीत हमाली करणाऱ्या एका विधुराचा पोरगा अशा टोळीत शिरतो, वर चढतो, भारी कोट घालतो, मोटारी उडवतो. शेवटी एक खून करून रक्ताळलेला घरी येतो आणि माळ्यावर लपतो. मागोमाग पोलीस येतात. बाप जिन्याच्या तोंडाशी उभा असतो. पोलीस विचारतात, कुठं आहे? बाप काही बोलत नाही, नुसता एक पाऊल बाजूला होतो. मग मोरीपाशी जाऊन नळ सोडतो आणि ताटं विसळायला लागतो. जिन्यावर बूट वाजतात, वर गोळ्या सुटतात, पण आपल्याला दिसते ती बापाची पाठ आणि ऐकू येतं ते पाणी. संपला पिक्चर.

"बघा," अण्णा अंधारात म्हणाले, "बोलायची सोय तेव्हा नवी नवी झाली होती. जो तो बडबडत सुटला होता. आणि हा दिग्दर्शक काय करतो? ऐन मोक्याला बापाला गप्प बसवतो. 'वर आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण नाही. नुसता बाजूला होतो. चेहरा दाखवत नाही, पाठ दाखवतो. ताठ पाठ. कर्तव्य केलेल्या माणसाची पाठ आहे ती."

"आणि नळाचं काय?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नळ म्हणजे रोजचं घर हो. जगात काही होवो, ताटं विसळावीच लागतात."

"पण भालचंद्रराव, असा बाप असतो का कुठं?" गुळवे मास्तर म्हणाले. मास्तरांना वाद घातल्याशिवाय अन्न पचायचं नाही.

"नसेल. पण असावा."

तेवढ्यात दाराशी उभा असलेला माझा धाकटा भाऊ मुकुंद म्हणाला, "अण्णा, तिथं तुम्ही असता तर?"

सगळे हसले. अण्णा नाही हसले. "मी पण बाजूला झालो असतो," ते म्हणाले.

"बघा हं," मुकुंद म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले. मीही हसले. मुकुंदच्या बोलण्यावर हसायची सवयच होती सगळ्यांना.

अण्णा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आणि पुढं मीही तिथंच चिकटले. तेव्हा आपण नंबर फिरवला की लागला, असं नव्हतं. तुम्ही फोन उचलला की आमच्या बोर्डावर तुमच्या नंबरची झडप पडायची. आम्ही तिथल्या भोकात कॉर्ड, म्हणजे टोकाला पिन असलेली वायर, खोचायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि दुसरी कॉर्ड तुम्हाला हव्या त्या भोकात खोचायची. बोर्डापुढं बाप-लेक शेजारी शेजारी बसलेले बघून लोकांना गंमत वाटायची. अण्णांचा कान म्हणजे गावात एक दंतकथाच होती. समोरचा "हॅलो" म्हणतोय तोवर हे विचारायचे, "काय डॉक्टर, घसा बसला वाटतं?" कोण रडून आलंय, कोण पिऊन आलंय, कोण खोटं बोलतंय, सगळं कळायचं त्यांना. मी त्यांच्यासारखी नव्हते, पण त्यांच्याच तालमीत तयार झालेली होते.

मुकुंदचं मात्र कुठंच काही धड लागेना. आयटीआय अर्धं सोडलं, सायकलच्या दुकानात चार महिने काढले, तेही सोडलं. मग त्याला रेवण भेटला. भूमच्या रस्त्याला रेवणचा खडीक्रशर होता. दिसायला देवमाणूस, बोलायला साखर, आणि आतून केसानं गळा कापणारा. अण्णांनी त्याचा आवाज एकदाच फोनवर ऐकला आणि घरी येऊन मुकुंदला म्हणाले, "त्या माणसाची संगत सोड."

"आवाजावरून माणसं तोलता काय आता?" मुकुंद म्हणाला.

"हो, तोलतो. त्याची संगत सोड, नाहीतर हे घर सोड."

असं बोलायला नको होतं. मुकुंद अण्णांचाच मुलगा, त्यानं घर सोडलं. आई दिवसभर दाराकडं डोळे लावून बसायची. एस.टी. स्टँडवर कुणी भूमकडं जाणारं भेटलं, की त्याच्या हाती शेंगदाण्याच्या चटणीची पुडी द्यायची. ती पोचायची की नाही देव जाणे.

मग कोठारीशेठचा नातू पळवला गेला. शेठ गावातले मोठे आडते. शाळा सुटल्यावर त्यांचं सहा वर्षांचं पोर फाटकातून कुणीतरी उचललं. दुसऱ्या दिवशी शेठना फोन आला, पैसे तयार ठेवा, पोलिसांत गेलात तर पोराचं तोंड बघायला मिळायचं नाही. शेठ पोलिसांत गेलेच. पहिला फोन आला तेव्हा बोर्डावर दुसराच ऑपरेटर होता, त्याला काही ध्यानात आलं नव्हतं. पुढचा फोन उद्या दुपारी, असं त्या माणसानं सांगून ठेवलं होतं.

त्या दुपारी फौजदार निकाळजे आमच्या बोर्डामागं स्टूल टाकून बसले. "भालूअण्णा," ते म्हणाले, "गावातल्या पाळण्यातल्या पोराचा आवाजसुद्धा तुम्हाला ठाऊक. एकदा ऐका आणि मला नाव सांगा, बास. बाकीचं आम्ही बघतो."

"गावातला असेल तर सांगतो," अण्णा म्हणाले.

बराच वेळ भलतेच फोन आले. कुणाला सोलापूर हवं होतं, कुणाला दवाखाना. मग भूमच्या लाइनची झडप पडली. अण्णांनी कॉर्ड खोचली. भूमचा ऑपरेटर म्हणाला, "बार्शी, कोठारींकडं द्या." अण्णांनी जोडून दिलं आणि ऐकायची चावी उघडीच ठेवली. माझ्याही कानाला त्याच लाइनचा हेडफोन होता.

"शेठ, काल सांगितलं ते ध्यानात हाय ना?"

मुकुंद. मुकुंदच होता. आमच्या स्वयंपाकघरातून बोलावं इतका स्वच्छ आवाज. मी अण्णांकडं बघितलं. ते बोर्डाकडंच बघत होते.

"शालन," ते अगदी हळू म्हणाले, "हेडफोन काढ. साहेबांना पाणी आण."

"अण्णा—"

"जा म्हणतो ना."

त्यांनी मला का उठवलं ते मला तेव्हाच कळलं. फौजदारानं उद्या विचारलं, 'तुम्हीपण ऐकलंत का?', तर मला नाही म्हणता यावं म्हणून. जे काही करायचं ते त्यांना एकट्यालाच करायचं होतं. मी माठापाशी गेले. तांब्या बुडवला आणि तिथंच उभी राहिले. देवा, कानाला खोटं पाड, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज कर, असं म्हणत राहिले.

मी परत आले तेव्हा फोन संपला होता. अण्णांनी हेडफोन काढून पुढ्यात ठेवला होता.

"काय अण्णा, पटली ओळख?" निकाळजेंनी विचारलं.

अण्णांनी भूमची कॉर्ड उपसून जागेवर ठेवली.

"अण्णा?"

"साहेब, पोराचं काही बरंवाईट करतील का हो हे?"

"आता काय सांगू तुम्हाला? पैसे मिळाले तरी पोर चेहरे ओळखतंय त्यांचे. असली माणसं मागं साक्षीदार ठेवत नाहीत."

अण्णांनी मान हलवली. "माझा मुलगा आहे," ते म्हणाले.

निकाळजेंना वाटलं, अण्णा आपल्या काळजीचं काहीतरी सांगताहेत. "मुकुंद होय? त्याचं काय?"

"आवाज मुकुंदचा आहे. भूम रस्त्याला रेवणचा खडीक्रशर आहे, मागं पत्र्याचं शेड आहे. तिथं बघा." आणि फौजदार उठून टोपी चढवत होते तेव्हा म्हणाले, "साहेब, मारू नका हो त्याला."

निकाळजे धावतच गेले. त्याच वेळी बोर्डावर एक झडप पडली. अण्णांनी हेडफोन घातला, कॉर्ड खोचली आणि म्हणाले, "नंबर प्लीज."

दिवस मावळायच्या आत पोर सापडलं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर झोपलं होतं, अंगावर ओरखडाही नव्हता. रेवण आणि मुकुंद तिथंच धरले गेले. सगळ्या गावानं पेढे वाटले. आमच्या घरी चूल पेटली नाही.

"तुम्ही सांगितलंत?" आईनं अण्णांना विचारलं.

"हो."

"आवाज ओळखू आला नाही म्हणाला असतात तर जीभ झडली असती का तुमची?"

"पोर मेलं असतं, इंदू."

"आणि माझं?"

आईनं त्या दिवसापासून अण्णांशी बोलणं टाकलं. भांडली नाही, माहेरी गेली नाही, वेळेला ताट पुढं ठेवायची, पण शब्द म्हणून नाही.

कोर्टात अण्णांनी साक्ष दिली. दोघांनाही मोठ्या शिक्षा लागल्या. मी महिन्या-दीड महिन्यानं तुरुंगात मुकुंदला भेटायला जायची. जाळीपलीकडून तो पहिलं हेच विचारायचा, "अण्णा नाही आले?" मला वाटायचं, त्याच्या पोटात राग आहे आणि तो बापाच्या तोंडावर ओकायचाय. घरी येऊन मी अण्णांना म्हणायची, "चला एकदा. शिव्या देईल, देऊ दे."

"शिव्यांचं नाही गं," ते म्हणायचे. "पण कुठल्या तोंडानं जाऊ?"

आणि अशात गुळवे मास्तरांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. मंडळातर्फे अण्णांचा सत्कार करायचा, कोठारीशेठच्या हस्ते शाल-श्रीफळ द्यायचं, आणि नंतर पिक्चर दाखवायचा. कोणता? तर 'बापाचा पिक्चर'!

"मास्तर, अक्कल गहाण टाकलीत का?" मी त्यांच्या घरी जाऊन म्हणाले.

मास्तर खरंच गोंधळले. "अगं, गौरव आहे हा त्यांचा. त्यांनी नुसतं रसग्रहण नाही केलं, जगून दाखवलं. याहून औचित्य कोणतं?"

काय बोलणार? आमच्या मंडळातली माणसं वाईट नव्हती. पडद्यावरचं दुःख बघून खरोखर रडायची. पण पडद्याबाहेरचं दुःख दिसलं की त्यातही त्यांना आधी पिक्चरच दिसायचा. वाटलं, अण्णा तरी नाही म्हणतील. ते म्हणाले, "येऊ दे रिळं. मलाही बघायचाय एकदा."

त्या संध्याकाळी वाचनालयाचा हॉल फुटेस्तोवर भरला. ज्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं तेही आले होते. भाषणं झाली. एकानं अण्णांची तुलना हरिश्चंद्राशी केली. कोठारीशेठ शाल घेऊन पुढं आले आणि अण्णांच्या पायाशी वाकायलाच लागले. अण्णांनी त्यांना धरलं, शाल त्यांच्याच हातात राहिली.

मग पिक्चर सुरू झाला. मी पडद्याकडं बघत नव्हते, अण्णांकडं बघत होते. मोटारी पळाल्या, बाटल्या फुटल्या, पोरगा भारी कोट घालून बापाला भेटायला आला आणि बापानं त्याला दाराबाहेरच उभं केलं. अण्णा ढिम्म बसून होते. जिना आला. बाप बाजूला झाला. नळ सुटला. अण्णांनी डोळे मिटून घेतले, आणि मला कळलं की ते आता बघत नाहीयेत, नुसतं ऐकताहेत.

दिवे लागले. मास्तर म्हणाले, "आता आपल्या सर्वांच्या आग्रहाखातर भालचंद्रराव रसग्रहण करतील."

अण्णा उठले.

"मी आजवर तुम्हाला चुकीचं सांगत आलो," ते म्हणाले. "पाठ ताठ आहे म्हणालो होतो. नाही. ताठ नाहीये ती, लाकूड झालीय. ते जाऊ द्या. नळाचं मी सांगितलं होतं, रोजचं घर म्हणून. तेही चूक. ताटं आधीच स्वच्छ आहेत, नीट बघा पुढच्या वेळी. धुतलेलीच ताटं विसळतोय तो. त्यानं नळ सोडला तो वरचं ऐकू येऊ नये म्हणून. बोलपट काढणाऱ्या त्या माणसाला नेमकं कळलं होतं की ऐकणं किती अवघड असतं. डोळे मिटता येतात. कान कसे मिटणार? म्हणून त्यानं त्या बापाला नळ दिला. दया केली त्याच्यावर."

"मला नळ नव्हता," अण्णा म्हणाले. "माझ्या कानाला हेडफोन होता. मी शेवटपर्यंत ऐकत होतो. खरं सांगू? शेठचं नातवंड वाचवायचं म्हणून नव्हतो ऐकत. किती महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होतो हो. संपू नये असं वाटत होतं."

ते खाली बसले. मास्तरांनी चष्मा काढला आणि आभार मानायचं राहूनच गेलं. लोक एकेक करून उठले. घरी येताना मी अण्णांचा हात धरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा हात म्हाताऱ्या माणसाचा वाटला. हे सगळं आईला सांगावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर ती म्हणाली, "मला नको सांगूस काही." मंडळ त्यानंतर फार काळ चाललं नाही.

सहा वर्षं अशीच गेली. अण्णा रिटायर झाले आणि पुढच्याच थंडीत हृदयविकारानं गेले. फार त्रास झाला नाही. दहाव्याला मुकुंदला आणलं. दोन हवालदार बरोबर होते. त्यांना मी बाहेरच्या खोलीत पोहे दिले. भले लोक होते, म्हणाले, "बसू द्या त्याला घरात घटकाभर."

मुकुंद मागच्या पडवीत येऊन बसला. डोक्याचा गोटा केलेला, गालफडं बसलेली. मी त्याच्या शेजारी बसले.

"अण्णांचा राग गेलाच नाही ना माझ्यावरचा?" तो म्हणाला. "एकदाही आले नाहीत."

"राग कुठला रे? शरम होती त्यांना. पोटच्या पोराला धरून दिलं म्हणून झुरत होता तो माणूस. तुझ्यापुढं यायची छाती झाली नाही."

मुकुंद माझ्याकडं बघतच राहिला. "धरून दिलं?" तो म्हणाला. "शालूताई, रेवणनं मला रुमाल दिला होता. फोनवर धरून बोल म्हणाला, आवाज कळायला नको. मी भूमच्या स्टँडवर बूथचं दार लावून घेतलं आणि रुमाल खिशात घातला."

"का?" मी विचारलं.

"ते पोर रडायचं थांबत नव्हतं. रेवण त्याला जिवंत सोडणार नव्हता, मला दिसत होतं. आणि त्याच्यापुढून पळायची माझ्यात हिंमत नव्हती. पहिला फोन रेवणनं केला होता. दुसरा मी करतो म्हणालो. दुपारी बोर्डावर अण्णाच असतात, मला माहीत होतं. म्हटलं, अण्णा ऐकतील."

"अरे, मग सहा वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? जाळीपाशी तू यायचीस तेव्हा रेवणची बायकोपण यायची. तो माझ्या शेजारी उभा असायचा. मी त्याला पकडून दिलं असं त्याला कळलं असतं, तर त्या बराकीत मी राहिलो असतो का? अण्णा आले असते तर एवढं सांगावंच लागलं नसतं. नुसतं 'ऐकलंत ना?' म्हणालो असतो. त्यांना कळलं असतं."

मागं काहीतरी हललं म्हणून मी वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. भाकरीच्या पिठाचे हात तसेच. ती उंबऱ्यावर खाली बसली. मुकुंद उठून तिच्याजवळ गेला, तर त्याच्याकडंही तिचं लक्ष नव्हतं.

"सहा वर्षं हे माझ्यापुढं जेवले रे," ती म्हणाली. "'अजून एक वाढू का?' एवढंसुद्धा मी यांना विचारलं नाही."